अप लाईन

आमच्या रेल्वेत अप म्हणजे वर नव्हे,
अप म्हणजे मुंबईकडे.
वर जाणं मालगाडीच्या गार्डला ठाऊकच नसतं.
भुसावळ ते बडनेरा, बडनेरा ते भुसावळ,
शेवटच्या डब्यात एकटी, मागे लाल दिवा लावून
मी आडवं आयुष्य काढते.

एकदा बावीस तासांनी कुलूप उघडलं
तर पडद्याच्या चिंध्या, आणि कळणी फ्रिजवर.
कळण्याच्या पिठासारखीच आहे ती,
राखाडी, मध्ये मध्ये उडदाची काळी सालं.
माझ्याकडे अशी बघत होती
जशी मी बघते
दोन तास न पडणाऱ्या सिग्नलकडे.

बाहेर सोडता येत नाही.
खाली जामनेर रोड, जिन्यात नऊ कुत्री,
आणि मे महिन्यात गच्ची आपल्यालाच पाय ठेवू देत नाही.
म्हटलं, जमीन देता येत नसेल
तर भिंत देऊ.

सुपडू मिस्तरी पारोळ्याकडचा.
"मांजरले जिना? कसाले वं माय?"
हसला, पण मग खिशातून खडू काढला,
सुकटीचं टोक दाखवून कळणीला चारदा उडवलं,
पंजा पोचला तिथे रेघ.
पहिली फळी गुडघ्याला, दुसरी डावीकडे,
तिसरी परत उजवीकडे. वीत लावून लावून
पाचवी थेट झरोक्याशी.

मला स्लीपरचं लाकूड हवं होतं,
यार्डातल्या लिलावातलं, शंभर वर्षं गाड्या सोसलेलं.
त्याने भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केलं.
"हाई भिंत बिस्कीटनी शे."
मग पाण्याच्या मोटारीच्या खोक्याचं पाईन आणलं.
एका फळीवर अजून छापलेलं आहे: ही बाजू वर.
बाण मात्र उजवीकडे,
शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे.

"गिट्टी आना," म्हणाला.
गिट्टी म्हणजे माझ्या लेखी रुळाखालची खडी,
बुटाखाली करकरणारी.
त्याची गिट्टी प्लास्टिकची, करंगळीच्या पेराएवढी,
भोकात ठोकायची, मग स्क्रू तिला आतून फुगवतो.
एवढ्याशा गिट्टीवर साडेतीन किलोचा जीव.

घरमालक नारखेडे काका भोकं मोजायला आले.
बावीस. भोकामागे वीस रुपये, डिपॉझिटमधून.
मी म्हटलं, आमची वीसच,
दोन आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडरची.
वाद बराच चालला.

फळ्यांवर दादरच्या पोत्याचं गोणपाट ठोकलं.
वास अजून ज्वारीचा.
तेरा दिवस कळणी चढली नाही.
ड्रिल मशीनच्या रिकाम्या खोक्यात झोपायची,
एक पाय बाहेर.
मिस्तरीचा फोन: "चढनी का?"
"चढली," मी म्हटलं. मूर्तिजापूरला उभी होते तेव्हा,
क्रॉसिंगला.

मग एका रात्री तीन वाजता आले
तर गोणपाटाचे दोरे सुटलेले,
पाचव्या फळीवर राखाडी केस.
स्टूलवर चढले, तिची हनुवटी असेल तिथे माझी ठेवली.
मनात आधीच ठरवलं होतं काय दिसणार:
यार्ड, टॉवरचे दिवे, एखादी मालगाडी,
तिच्या शेपटाला लाल ठिपका.
यार्ड आहे. पण मान फार मोडावी लागते.
समोर, सरळ, शेजाऱ्यांच्या बंद कूलरमध्ये
वाळ्याच्या जाळीआड होल्याचं घरटं.
दोन अंडी. होला जागाच होता.

मी तशीच उभी, युनिफॉर्ममध्ये.
खालून कळणी आली, पहिली, दुसरी, तिसरी,
चौथीवर थांबली, मागचे पाय चाळवले,
आणि माझ्या खांद्यावर पाय देऊन पाचवीवर गेली.
बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे शेवटचं अंतर जास्त झालंय.
मध्ये एक फळी हवी.
सकाळी सांगते मिस्तरीला.
चार भोकं. ऐंशी रुपये.